छोट्या मिलसाठी स्टेपर मोटर आणि ड्रायव्हर: दोन संच वापरून झाल्यावर

माझी बेंच मिल (टेबलावर मावणारं, धातू कापायचं मशीन) सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारी, करून दीड वर्ष झालं. या दीड वर्षात स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी, म्हणजे स्टेपने फिरणारी), ड्रायव्हर (कंट्रोलरच्या इशाऱ्यावर मोटरला करंट देणारा) आणि पॉवर सप्लाय यांचे दोन पूर्ण संच मशीनला लागले. पहिला सात महिन्यांत उतरवला. दुसरा लागल्यापासून नीट चालतोय, आणि हे परीक्षण खरं तर त्याचंच आहे. पण पहिला का उतरवला हे आधी सांगते, कारण मी केलेली निवड वरवर पाहता अगदी शहाणपणाची होती. बहुतेक जण तशीच निवड करतात.

मशीन काय आहे ते सांगितलं की पुढचे आकडे समजतील. डव्हटेल स्लाइडची लहान मिल, हेडचं वजन अंदाजे २५ किलो. तिन्ही अक्षांवर १६ मिमी व्यासाचे, एका फेऱ्याला ५ मिमी सरकणारे बॉलस्क्रू, म्हणजे गोळ्यांवर चालणारे स्क्रू. मोटर थेट स्क्रूला, मध्ये बेल्ट नाही. काम बहुतेक अॅल्युमिनियम आणि पितळेचं, मॉडेल इंजिनांचे सुटे भाग. अधूनमधून माइल्ड स्टील.

पहिल्या वेळी मी एकच आकडा पाहिला: होल्डिंग टॉर्क. जितका जास्त तितकं बरं, असं वाटणं साहजिक आहे. म्हणून तिन्ही अक्षांना नेमा ३४ मापाच्या, ८ न्यूटन-मीटरच्या मोटर घेतल्या. सोबत ५० व्होल्टचे, ४.२ अँपचे ड्रायव्हर आणि ३६ व्होल्टचा एसएमपीएस (तयार मिळणारा पॉवर सप्लाय). हातात घेतल्यावर त्या मोटर इतक्या भरभक्कम वाटल्या की आता मशीनला काही कमी पडणार नाही याची खात्रीच झाली.

मशीन चालू झालं. मिनिटाला १२०० मिमीपर्यंत सगळं ठीक. १८०० ला झेड अक्ष (हेड वर-खाली नेणारा) निघायचा, दोन-तीन सेंटिमीटर जायचा आणि घुर्र असा आवाज करून जागच्या जागी थरथरत राहायचा. स्टेपर मोटर एकदा सुटली, म्हणजे तिची पावलं चुकली, की कंट्रोलरला ते कळत नाही. तो आपला पुढचे पल्स पाठवत राहतो. पडद्यावर झेड वर पोचलेला दिसायचा आणि हेड मात्र खालीच. स्लाइड घट्ट असेल म्हणून गिब (स्लाइडमधली फट जुळवायच्या पट्ट्या) सैल केल्या, तेल घातलं, कपलिंग काढून पुन्हा बसवलं. फरक शून्य.

नेमा हा आकडा फक्त मोटरच्या पुढच्या चौकोनी तोंडाचं माप सांगतो. २३ म्हणजे २.३ इंच, साधारण ५७ मिमी. ३४ म्हणजे ३.४ इंच, ८६ मिमी. मोटर किती जोराची किंवा किती वेगाची, हे त्यात कुठेच नाही. आणि होल्डिंग टॉर्क म्हणजे मोटर उभी असताना धरून ठेवायची ताकद. आपल्याला हवा असतो फिरतानाचा टॉर्क, आणि तो ठरवतात तीन गोष्टी: वाइंडिंगचा (आतल्या तारेच्या गुंडाळीचा) इंडक्टन्स, म्हणजे करंट बदलायला तिचा होणारा विरोध, करंट आणि सप्लायचा व्होल्टेज.

दर स्टेपला वाइंडिंगमधला करंट उलटावा लागतो. इंडक्टन्स जास्त असेल तर करंट चढायला वेळ लागतो. मोटर हळू फिरत असते तोवर तो वेळ मिळतो. वेग वाढला की करंट पुरता चढायच्या आतच पुढचा स्टेप येतो, आणि टॉर्क घसरू लागतो. ही घसरण कुठे सुरू होते याचा एक साधा हिशेब आहे: व्होल्टेजला (२ × इंडक्टन्स × करंट × एका फेऱ्यातले स्टेप) ने भागायचं, म्हणजे सेकंदाला किती फेरे ते मिळतं. स्टेप २००, कारण १.८ अंशांची मोटर. माझ्या त्या मोटरचा इंडक्टन्स ६ मिलिहेन्री होता, करंट ४.२ अँप लावलेला, व्होल्टेज ३६. उत्तर येतं सेकंदाला ३.५७ फेरे, म्हणजे मिनिटाला २१४. पाच मिमीच्या स्क्रूवर ते १०७० मिमी प्रति मिनिट होतं. तिथून पुढे टॉर्क उतरणीला. १८०० म्हणजे सेकंदाला ६ फेरे. सेकंदाला ५ ते १५ फेऱ्यांच्या पट्ट्यात स्टेपर मोटर स्वतःच डोलू लागते, आणि साध्या ड्रायव्हरमध्ये ते डोलणं दाबायची सोय नसते. शिवाय ३४ मापाचा रोटर जड. त्याला नुसता वेग द्यायलाच टॉर्कचा मोठा वाटा जातो. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येऊन बसल्या होत्या. हा हिशेब कागदावर मांडला त्या दिवशी मोटर, ड्रायव्हर आणि सप्लाय ही एकच खरेदी आहे हे मला कळलं.

तरी लगेच शहाणपण आलं नाही. व्होल्टेज वाढवला की वेग वाढेल, एवढंच डोक्यात घेऊन मी ३६ च्या जागी ४८ व्होल्टचा एसएमपीएस लावला. वेग खरंच वाढला. चौथ्या दिवशी झेड जोरात खाली येऊन थांबत असताना सप्लाय ट्रिप झाला, आणि पुन्हा चालू केल्यावर झेडचा ड्रायव्हर मेलेला. थांबताना मोटर जनरेटरसारखी वागते आणि ऊर्जा सप्लायकडे परत ढकलते. ५० व्होल्टची मर्यादा असलेल्या ड्रायव्हरला ४८ दिले तर वर उरतात दोन व्होल्ट. ते पुरणार नव्हतेच. ड्रायव्हरच्या कमाल व्होल्टेजच्या फार तर ८० टक्के सप्लाय घ्यायचा, हे मी आता कधीच मोडत नाही.

दुसऱ्या वेळी आधी मोजमाप केलं. मोटर काढून स्क्रूच्या टोकाला तात्पुरतं हँडव्हील लावलं, त्याला दोरा गुंडाळला आणि दोऱ्याला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवला. मी काटा ओढायचा आणि मुलीने आकडा वाचायचा. "आई, सुटलं बघ, ५०० ला सुटलं," असं ती एक्सला म्हणाली. त्रिज्या ५० मिमी, ओढ अर्धा किलो म्हणजे साधारण ५ न्यूटन. टॉर्क झाला पाव न्यूटन-मीटर. गिब नीट लावून तेल दिल्यावर तोच आकडा ३०० ग्रॅमवर आला. झेडला हेड वर उचलताना ९०० ग्रॅम, म्हणजे ०.४५ न्यूटन-मीटर. हे काम अर्ध्या तासाचं आहे. वाय अक्ष मोजताना एका टोकाला काटा एकदम जड झाला, आणि स्क्रूचं बेअरिंग सरळ रेषेत नाही हेही तिथेच कळलं. आधी केलं असतं तर ८ न्यूटन-मीटरच्या मोटरकडे मी वळलेच नसते.

आता कापायला किती जोर हवा? बॉलस्क्रूची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर १ न्यूटन-मीटर टॉर्कमधून ५ मिमीच्या स्क्रूवर साधारण ११३० न्यूटन रेटा मिळतो, म्हणजे ११५ किलोच्या आसपास. माझ्या स्पिंडलवर १० मिमीच्या एंड मिलने अॅल्युमिनियम कापताना लागतो त्याहून हा रेटा पुष्कळ जास्त आहे. म्हणजे मला हवा होता सगळ्या वेगांत एक ते दीड न्यूटन-मीटर. जुन्या आट्यांचा साधा लीडस्क्रू ठेवणाऱ्यांनी मात्र हिशेब वेगळा करावा. तिथे कार्यक्षमता २५ ते ४० टक्क्यांवर येते आणि तेवढ्याच रेट्यासाठी सव्वादोन ते साडेतीन पट टॉर्क द्यावा लागतो.

घेतलेल्या मोटर नेमा २३, लांब बॉडीच्या. पत्रकावर ३ न्यूटन-मीटर, ४.२ अँप, ०.९ ओहम, ३.८ मिलिहेन्री. इंडक्टन्सवरून व्होल्टेज ठरवायचा एक ढोबळ नियम गेको ड्राइव्ह या ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीने रूढ केला आहे: मिलिहेन्रीचं वर्गमूळ काढून ३२ ने गुणायचं, तो झाला कमाल व्होल्टेज. ३.८ चं वर्गमूळ १.९५, म्हणजे ६२ व्होल्ट. त्याहून वर गेलं तर वेग फारसा वाढत नाही, मोटर मात्र तापते. माझ्या जुन्या ६ मिलिहेन्रीवाल्यांना हाच नियम ७८ व्होल्ट मागतो, आणि मी त्यांना ३६ देत होते.

आठ वायरची मोटर मिळाली तर वाइंडिंग पॅरलल जोडा. सिरीजमध्ये इंडक्टन्स चौपट होतो. करंट कमी लागतो म्हणून ते सोयीचं वाटतं, पण वेगात मार बसतो. माझ्या चार वायरच्या होत्या आणि पत्रकातले रंग वायरच्या रंगांशी जुळत नव्हते. जोड्या शोधायला मीटरही लागत नाही: कुठल्याही दोन वायर एकमेकींना टेकवून शाफ्ट बोटांनी फिरवायचा. एकाच वाइंडिंगच्या असतील तर शाफ्ट लगेच जड होतो, दर स्टेपला खट्-खट् अडकल्यासारखा. नसतील तर नेहमीसारखा हलका फिरतो.

ड्रायव्हर लीडशाइनचा डीएम८५६ घेतला, तीन नग. २० ते ८० व्होल्ट, शिखर करंट ५.६ अँपपर्यंत. याच घराण्यातला डीएम५४२ लहान मशीनसाठी सगळे सुचवतात आणि तो चांगलाच आहे, पण त्याची मर्यादा ५० व्होल्टची. मला ५५ च्या आसपास चालवायचं होतं, म्हणून प्रश्न मिटला. हे डिजिटल ड्रायव्हर चालू होताना मोटरचे गुणधर्म स्वतः तपासून करंटचं नियंत्रण त्यानुसार लावून घेतात. याचा परिणाम कानाला पहिल्याच मिनिटात कळतो. जुन्या संचाचा हळू फीडवर कर्कश, दाणेदार आवाज यायचा. आता मिनिटाला १०० मिमीवर टेबल सरकताना स्पिंडल बंद असेल तर शेजारच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. सेकंदाला ५ ते १५ फेऱ्यांचा तो डोलणारा पट्टाही मोटर विनातक्रार ओलांडते. वेग हळूहळू वाढवत नेला तेव्हा कुठे अडखळते ते मी मुद्दाम हात ठेवून पाहिलं. सेकंदाला ७ फेऱ्यांच्या सुमाराला जरा गुणगुण वाढते, एवढंच.

करंट लावताना एक गोष्ट नीट पाहा. कुठलाही ड्रायव्हर असो, तक्त्यातला आकडा शिखर करंटचा आहे की आरएमएस (एक प्रकारची सरासरी), हे वाचल्याशिवाय स्विच हलवू नका, दोन्हींत १.४ पटीचा फरक आहे. मी ४.९ शिखर ठेवलाय, म्हणजे आरएमएस ३.५. मोटर ४.२ ची असूनही मुद्दाम कमी. दोन तास सलग काम केल्यावर मोटरची बॉडी ५५ अंशांच्या पुढे गेलेली नाही. हात फार वेळ ठेववत नाही, पण स्टेपरला ८० पर्यंत काही होत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. उभं असताना करंट निम्मा करण्याचा स्विच एक्स-वायवर चालू ठेवलाय, झेडवर नाही.

मायक्रोस्टेपिंग, म्हणजे एका स्टेपचे लहान भाग पाडणं, १/८ ठेवलंय. फेऱ्याला १६०० पल्स, मिलिमीटरला ३२०, एका पल्सला ०.००३१२५ मिमी. १/३२ किंवा त्याहून बारीक केलं की अचूकता वाढते, हा समज मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलाय. बारीक मायक्रोस्टेपने चाल गुळगुळीत होते, पण एका मायक्रोस्टेपपुरता मिळणारा टॉर्क झपाट्याने कमी होतो: १/८ ला होल्डिंग टॉर्कच्या १९.५ टक्के, १/१६ ला ९.८. स्लाइडचं घर्षण त्याहून जास्त असेल तर टेबल दोन-तीन मायक्रोस्टेप जमा होईपर्यंत हलतच नाही. शिवाय पल्सची संख्या. २५ किलोहर्ट्झवर पल्स देणारा कंट्रोलर १/८ ला ४६८७ मिमी प्रति मिनिटपर्यंत नेतो. १/३२ ला तोच ११७२ वर संपतो. एवढे पैसे घालून मिळवलेला वेग एका स्विचने घालवण्यासारखं ते आहे.

सप्लाय मी स्वतः बांधला, आणि या संचातला माझा सगळ्यात आवडता भाग तोच. ४० व्होल्टचा, ५०० व्हीएचा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, आणि १०० व्होल्टचे ६८०० मायक्रोफॅरडचे दोन कॅपॅसिटर. ४० ला १.४१ ने गुणून डायोडमधली घट वजा केली की ५५ च्या जवळ येतं. मेनचा व्होल्टेज १० टक्के वाढला तरी ६१, म्हणजे ८० च्या खूप आत. करंट तिन्ही मोटरच्या बेरजेच्या दोन-तृतीयांश धरला, ७ अँप. मोटर थांबताना परत येणारी ऊर्जा कॅपॅसिटर मुकाट्याने पोटात घेतात, एसएमपीएससारखं ट्रिप होणं नाही. मात्र यात मेनची जोडणी आहे आणि वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटर भरलेले राहतात. ब्लीडर रेझिस्टर (कॅपॅसिटर रिकामे करणारा) आणि फ्यूज घातल्याशिवाय हा प्रकार करू नका. सवय नसेल तर करूच नका, ४८ व्होल्टचा तयार सप्लाय घ्या. ड्रायव्हर ८० चे असले तर तोही उत्तम चालेल.

हिशेब पुन्हा मांडला तर: ५५ व्होल्ट, ३.८ मिलिहेन्री, ३.५ अँप, उत्तर सेकंदाला १०.३ फेरे, म्हणजे ३१०० मिमी प्रति मिनिट. प्रत्यक्षात मी ४५०० पर्यंत नेऊन पाहिलं, चाललं. रॅपिड (न कापता नुसतं सरकण्याचा वेग) ३००० वर ठेवलाय. एक हजार वेळा एक्स मागे-पुढे पळवून डायल गेजवर परत आणला. काटा निघाला होता त्याच रेघेवर.

एक्स ठीक, वाय ठीक, आणि झेडने मात्र सुरुवातीलाच दगा दिला. चाळीस भोकांची पितळी पट्टी होती, प्रत्येक भोक दहा टप्प्यांत, ड्रिल दर टप्प्याला वर येणार. पहिली भोकं बरोबर खोलीची. शेवटचं भोक सव्वा मिलिमीटरने चुकलेलं. मोटर सुटली असती तर एकदम मोठा फरक पडला असता. हा दर भोकाला थोडा-थोडा सरकत गेला होता. चाळीस गुणिले दहा म्हणजे चारशे वेळा खाली-वर. चारशे गुणिले ०.००३१२५ म्हणजे १.२५. तंतोतंत. दर फेरीला एकच मायक्रोस्टेप हरवत होता. ड्रायव्हरला दिशेचा सिग्नल पल्सच्या किमान ५ मायक्रोसेकंद आधी स्थिर झालेला लागतो. माझ्या कंट्रोलरमध्ये झेडच्या पल्सची ध्रुवता उलटी निवडलेली होती, त्यामुळे ड्रायव्हर पल्सच्या चुकीच्या कडेला स्टेप मोजत होता आणि दिशा बदलताना एक स्टेप घसरत होता. सेटिंगमधली एक खूण काढली आणि ती पट्टी पुन्हा केली. पहिलं आणि चाळिसावं भोक सारखं. मोटर लहान पडली म्हणून ती बदलण्याआधी ही खूण तपासा, एवढं कळकळीने सांगते.

क्लोज्ड-लूप स्टेपर घ्यावी का, असं मला विचारणारे बरेच आहेत. तिच्या मागे मोटर किती फिरली ते मोजणारा एन्कोडर असतो. मोटर मागे पडली की ड्रायव्हर भरून काढतो, फारच मागे पडली तर अलार्म देतो. लोडप्रमाणे करंट घेत असल्याने मोटर गारही राहते. पण जास्त टॉर्क मिळत नाही, आणि कमी व्होल्टेजची किंवा जास्त इंडक्टन्सची चूक ती दुरुस्त करत नाही. तासन्‌तास मशीन एकटं सोडणार असाल तर जरूर घ्या. मी मशीनजवळच उभी असते.

माझ्याहून लहान मिल असेल, हेड १० किलोच्या आसपास, तर २ ते २.५ मिलिहेन्रीची, दोन न्यूटन-मीटरच्या जवळची नेमा २३, ५० व्होल्टचे डिजिटल ड्रायव्हर आणि ३६ व्होल्टचा सप्लाय एवढं पुरतं. मोठी, जड टेबलाची मिल असेल तर ३४ ला पर्याय नाही, पण तेव्हा ८० व्होल्टच्या खालचे ड्रायव्हर बघूही नका.

बाकी बारीकसारीक: मोटरच्या केबल शील्डेड घ्या आणि शील्ड फक्त कंट्रोल बॉक्सच्या बाजूला अर्थ करा. वीज चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर तिथेच जातो. ३.३ व्होल्टचे पल्स देणारा कंट्रोलर असेल तर मध्ये ५ व्होल्टचा बफर टाका, नाहीतर ड्रायव्हरमधला ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने आत घेणारा भाग) पल्स कधी घेतो कधी नाही. ड्रायव्हर उभे लावा, दोघांत चार-पाच सेंटिमीटर मोकळे सोडा.

एक काम राहिलंय. बॉलस्क्रू इतका सहज फिरतो की वीज गेली की २५ किलोचं हेड हळूहळू खाली घसरतं. सध्या बंद करण्याआधी मी टेबलावर लाकडाचा ठोकळा ठेवते आणि हेड त्यावर टेकवते. झेडसाठी ब्रेक असलेली मोटर की बाजूला गॅस स्प्रिंग, हे ठरायचं आहे. गॅस स्प्रिंगसाठी कॉलमला भोकं पाडावी लागतील, म्हणून हात आखडतोय. ब्रेकवाली मोटर लांबीला जास्त, आणि वरच्या कव्हरखाली मोजून ३० मिमी जागा उरली आहे.